चुलीमागच्या आजोबांना अनावृत पत्र

श्री. दोमोवोय,
मु. चुलीमागे, पो. लेस्नाया झेम्ल्या, चौदाव्या शतकातला रशिया

सा. न. वि. वि.

कॅथरिन आर्डेनबाईंची 'द बेअर अँड द नाइटिंगेल' (२०१७) ही कादंबरी वाचून संपवली. तक्रार खरं तर बाईंकडेच करायची. पण घर राखणारे आपणच अख्ख्या पुस्तकात भरवशाचे वाटलात, म्हणून हा त्रास आपल्याला.

थंडीबद्दल आधी आभार. बाहेर गुडघाभर बर्फ, आत खोलीएवढी चूल, तिच्यावर झोपलेली पोरं आणि दुन्या दाईची गोष्ट. भर मे महिन्यात वीज गेलेली असताना मी गोधडी शोधत होतो. मग तो देखणा पाद्री कोन्स्तान्तीन गावाला आपला नैवेद्य बंद करायला लावतो आणि आपण वाळत जाता. हे मला कुणी समजवावं लागलं नाही. आजोळी एका वर्षी राखणदाराचा नारळ चुकला, तर आजीने गळालेला मोहोर आणि मामाचं मोडलेलं लग्न दोन्ही त्याच खात्यावर मांडलं होतं.

आता आपली लाडकी नायिका वास्या. घोड्यांशी बोलते, रानाला भीत नाही, आणि खुद्द हिमराज मोरोझ्को तिच्यासाठी ताटकळतो. पोरीला एखादी गोष्ट येत नाही, असं काही बाई ठेवतील की नाही? शिवाय ती कधी वासिलिसा, कधी वासोच्का. मी बराच वेळ तीन बहिणी धरून चाललो होतो.

पण खरा राग आन्नासाठी. वास्यासारखेच तिच्या या सावत्र आईलाही आपण दिसता! फक्त चर्चमध्ये भुतं दिसत नाहीत, म्हणून बिचारी मठात जायला निघालेली. तिचं लग्न लावून तिला उत्तरेला धाडली. घरात पाऊल टाकलं, तर चुलीशी आपण बसलेले. दृष्टी दोघींना एकच. एकीला घोडा मिळाला, दुसरीला अस्वल. बाईंनी तिला खाष्ट करून टाकलं, आणि शेवटची लढाई तर पंगत उठवायच्या घाईत उरकली. आपण तरी एकदा म्हणायचं होतंत, "घाबरू नको गं सूनबाई, मी घरचाच."

पुढचे दोन्ही भाग आणून ठेवलेत. आमच्याकडे चूल नाही, गॅस आहे. ओट्याच्या कोपऱ्यात वाटीभर दूध ठेवलंय. शेजारचं मांजर येण्याआधी घ्यावं.

आपला,
एक अर्धसंतुष्ट वाचक