'लाइन' ओळखायला शिका : घाटंजीत नव्याने आलेल्यांसाठी

बदली होऊन घाटंजीत आलात? सामान लावायच्या आधी 'लाइन' हा शब्द शिकून घ्या. इंग्रजी येतं म्हणून गाफील राहू नका, घोटाळा तिथंच होतो.

आधी क्रियापद ऐका. लाइन 'गेली' किंवा 'आली', तर ती वीज. पुण्यात लाइट जातात, इथं लाइन जाते. "लाइन हाये का जी तुमच्याइकडं?" असं शेजाऱ्याने विचारलं, की पंखा फिरतोय का ते पाहून उत्तर द्यावं. विचारणारा कास्तकार असेल तर प्रकरण गंभीर. कृषिपंपाची थ्री-फेज लाइन कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रपाळी असली की तो थंडीत बॅटरी घेऊन मोटार सुरू करायला निघतो. अशा माणसाला सकाळी 'झोप झाली का?' विचारू नये. आणि डीपी जळाली असेल तर काहीच विचारू नये.

लाइन 'लागली' म्हणजे रांग. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, आणि खरेदी केंद्राबाहेर लागणारी बंड्यांची लाइन विदर्भाने चांगलीच अनुभवली.

लाइन 'मारणे' याचा अर्थ कॉलेजच्या पोट्ट्यांना ठाऊक आहे. प्रात्यक्षिक करू नये.

आता सराव. पीकविम्याचा अर्ज भरायला जा आणि हे वाक्य न अडखळता म्हणा : 'लाइन गेल्यामुळे ऑनलाइनसाठी लाइन लागली.' जमलं, तर तुम्ही निम्मे घाटंजीकर. डेडलाइन चुकली तरी घाबरू नका. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत ही खरोखरीची रेघ होती. ओलांडणाऱ्याला पहारेकरी गोळी घालत. आपल्याकडे मुदत वाढते.

पुढच्या वर्गातल्यांसाठी थोडी व्युत्पत्ती. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस. हो, तेच, ज्याची चटणी तुमच्या ताटात आहे. आपण त्याचं बी खाल्लं, तेल काढलं. युरोपाने देठातून धागा काढून लिनन विणलं. त्या धाग्याची दोरी ती 'लिनिया', तिचीच पुढे लाइन झाली. म्हणजे रांग, वीज, प्रेम हे सगळं नंतरचं. मूळ अर्थ गवंड्याच्या हातात आहे. तो तिला 'लाइनदोरी' म्हणतो. लाइन म्हणजेच दोरी, हे त्याला काम चालू असताना समजावायला जाऊ नका. भिंत तुमची आहे.