ट्रॉली

कांजूरमार्ग पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत त्याला सगळे 'ट्रॉली' म्हणतात. चाक असलेली वस्तू त्याच्या नजरेला पडली, की ती मालकाला परत कधी मिळेल सांगता येत नाही. तळमजल्यावरच्या काकूंची बाबागाडी गेली, सिलिंडरखालची ट्रॉली गेली, मग दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची व्हीलचेअर.

"आजोबा, दहा मिनिटं पलंगावर बसता? शॉट घ्यायचाय. गोदारच्या 'ब्रेथलेस'मध्ये, १९६० साली, कॅमेरामन व्हीलचेअरवरच बसला होता!"

"तो परत करायचा का रे?"

वडील ओरडले तर बाबूराव पेंटर पुढे येतात. स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर त्यांनी १९२० साली 'सैरंध्री' काढला. वडील म्हणतात, "कॅमेरा बनवला. सिलिंडरची ट्रॉली नाही पळवली."

कसब मात्र आहे हो. ट्रायपॉडच्या भोकात बसणारा पाव इंची बोल्ट, त्याला सुतळी, सुतळीचं टोक पायाखाली. कॅमेरा वर ताणून धरला की तो वरखाली हलत नाही. आडवा हलतो, त्याला तो 'फील' म्हणतो. घरात लादीवर गोधडी, गोधडीवर हा मांडी घालून, मोबाइल छातीशी, आणि धाकटी बहीण ओढतेय. लादी आपोआप पुसली जाते, म्हणून या तंत्राला आईचा विरोध नाही. जाळीच्या दाराची लिफ्ट ही त्याची क्रेन. तिसऱ्या मजल्यावर कुणी बटण दाबलं, की ऐन क्लायमॅक्सला दळणाचा डबा घेऊन शेजारी प्रवेश करतात.

सगळ्यात लाडका ट्रॅक मात्र मध्य रेल्वेचा. स्लो लोकलच्या खिडकीला हा, शेजारून धडधडत जाणारी फास्ट, भाडं फक्त तिकिटाचं. कांजूरला फास्ट थांबत नाही याबद्दल रेल्वेचे आभार मानणारा रहिवासी हा एकटाच.

गणपतीत सोसायटीला चित्रपट दाखवला. कॅमेरा एका जागी ठरेल तर शपथ. नायिका एकदाच रडते, तीही कुणाला दिसली नाही, कारण तोवर गोधडी पुढे निघून गेली होती. गोष्ट काय होती, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

आजोबांनी त्याला जवळ बोलावलं. "धक्के फार बसतात रे. चाकातली थोडी हवा काढ."

"काढतो, आजोबा."

"आणि मला उठवू नकोस. कॅमेरा माझ्याकडे दे, तू ढकल."