फुकटची बोट

अहो वहिनी, जरा या ना कुंपणापाशी. कोथिंबीर मागाहून खुडा, ती कुठे पळून जात नाही. काल तुमच्याकडच्यांनी आमच्या मुलाला विचारलं म्हणे, तुमच्याकडे दिवसभर ठणठण कसली चालते? म्हटलं, आपणच सांगून टाकावं. नाहीतर अख्ख्या गल्लीत व्हायचं की म्हातारपणी ही दोघं भांडी फेकतात.

बोट आहे, बोट! गराजमध्ये, गाडीच्या जागेवर. गाडी बिचारी उन्हापावसात आणि बाईसाहेब सावलीत. चौदा फुटी, अ‍ॅल्युमिनियमची, 1975 सालची. साल कसं कळलं म्हणता? 1972च्या नोव्हेंबरपासून इकडच्या प्रत्येक बोटीच्या पाठीवर एक नंबर ठोकलेला असतो. त्यावरून बनवणारा कोण आणि वर्ष कुठलं, सगळं निघतं. माणसांचं वय एवढ्या सरळ कुठे कळतं?

आली कुठून? फुकट. समोरचे ते नॉर्वेजियन आजोबा आहेत ना, हिवाळ्यात आपल्या दोघींचाही ड्राइव्हवे न सांगता साफ करतात ते, त्यांच्या मेव्हण्याच्या शेडमध्ये पालथी पडलेली होती. ट्रेलरसकट घेऊन जा म्हणाला. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण त्यानंतर हार्डवेअरच्या दुकानाची जी बिलं यायला लागली, ती मला दाखवायचीच नाहीत असं ह्यांनी ठरवलेलं दिसतंय. मला सापडली. असो.

तुम्ही नव्या आहात इथे म्हणून सांगते, या मिनेसोटात बोट म्हणजे चैन नाही. दहा एकरांपेक्षा मोठी तळीच 11,842 आहेत सरकारी मोजणीत. मेच्या मध्याला वॉलाय माशाचा मोसम उघडतो आणि त्या शनिवारी निम्मं ऑफिस रिकामं. शिवाय या पत्र्याच्या बोटींचं माहेरच इथलं. दुसरं महायुद्ध संपलं आणि विमानांचे कारखाने मोकळे पडले. विमानाचा पत्रा वाकवायची विद्या हातात, पण विमानं कुणाला हवीत? तिकडे न्यूयॉर्कच्या ग्रुमन कंपनीने 1945 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या कनू काढल्या. इकडे मिनिआपोलिसात 1946 मध्ये अ‍ॅल्युमाक्राफ्ट, मग 1948 मध्ये न्यूयॉर्क मिल्स नावाच्या मिनेसोटातल्याच खेड्यात हॉवर्ड लुंड. हे सगळं मला आजोबांनी ऐकवलंय, तेही चहाचे तीन कप रिचवून. आल्याचा चहा लागतो त्यांना आता.

बरं, आमचे हे मालवणचे. लहानपण सगळं होड्यांच्या सावलीत. त्यामुळे बोट आल्या आल्या म्हणाले, मला शिकवायची गरज नाही. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी बुडाच्या भोकाला बूच लावलं, बागेची नळी आत सोडली आणि खाली रांगत गेले. बोटीत पाणी भरायचं आणि बाहेरून बघायचं, कुठे ठिबकतंय ते! मी खिडकीतून बघत होते. एक थेंब इथे, एक तिथे, आणि मग अख्खी रांगच्या रांग. आजोबा प्रत्येक गळक्या रिव्हेटभोवती खडूने गोल काढत चालले. ह्यांचा उत्साह वाढला, म्हणाले, अजून भरू या. आजोबांनी तिथल्या तिथे नळ बंद केला. एक घनफूट पाणी बासष्ट पौंड भरतं, वहिनी. रिकामी बोट अडीचशेच्या आसपास. काठोकाठ भरली असती तर ट्रेलरच बसला असता खाली.

हे म्हणाले, आमच्याकडे होडी गळायला लागली तर दोन दिवस पाण्यात ठेवायची, आपोआप थांबते. अहो, ती लाकडाची! लाकूड पाणी पिऊन फुगतं, फटी बुजतात. पत्रा कशाने फुगणार? हे माझ्यासारख्या बाईला कळलं, पण ह्यांना आजोबांकडूनच ऐकायचं होतं.

तर ती ठणठण म्हणजे रिव्हेट. सैल झालेलं रिव्हेट फेकायचं नसतं, पुन्हा ठोकून बसवायचं असतं. आजोबा बाहेरून हातोडा मारतात आणि हे आत उकिडवे बसून दुसऱ्या टोकाला लोखंडाचा ठोकळा धरतात. ठोकळा जरा हलला की आजोबा हातोडा खाली ठेवतात आणि नुसते बघतात. चाळीस वर्षांच्या संसारात मला जे जमलं नाही ते त्या माणसाने नुसत्या बघण्यावर केलं, वहिनी. जी अगदीच गेलेली होती ती ड्रिलने काढून नवी घातली. दुकानात ती पटकन बसणारी पोकळ रिव्हेटं मिळतात ना, ह्यांनी पुडकंभर आणून ठेवलेली, ती नाही चालत. मधल्या भोकातूनच पाणी येतं. शेवट बंद असलेली वेगळी मिळतात किंवा मग भरीव. पुडकं परत केलं. त्यानंतर आतून सगळ्या सांध्यांवर इपॉक्सीचा पातळ लेप.

खरी गंमत पुढे. बोटीची मागची भिंत असते, जिच्यावर मोटार टांगतात. तिला ट्रान्सम म्हणतात. पत्र्याच्या आत लाकूड असतं तिथे, दीड इंच जाडीचं. ते कुजून चहाच्या चोथ्यागत झालेलं. हे गेले दुकानात आणि चांगलं हिरवट झाक असलेलं, वाळवी न लागणारं, पाण्यातही टिकणारं लाकूड घेऊन आले. दुकानातल्या पोरानेच दिलं म्हणे, बाहेर टिकेल असं. आजोबांनी ते हातात घेतलं, वास घेतला आणि सरळ आमच्या कुंपणाला टेकवून ठेवलं. बघा, तेच ते, तुमच्या वाफ्यामागे दिसतंय.

का म्हणाल तर त्यात तांबं असतं. लाकूड किडू नये म्हणून तांब्याचं औषध मुरवतात. पूर्वी आर्सेनिकही असायचं. 2004 पासून घरगुती वापराच्या लाकडातून ते गेलं आणि तांब्याचं प्रमाण वाढलं. आता तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आली की अ‍ॅल्युमिनियमचं काही खरं नाही. तांबं बसतं ठणठणीत आणि पत्रा झिजत जातो. पांढरी भुकटी धरते, मग बारीक छिद्रं. जुनी एक सेंटची नाणी, 1982च्या आधीची, जवळजवळ निव्वळ तांब्याची असत. तसं एखादं बोटीच्या बुडाशी ओलीत पडून राहिलं तर त्याच्याखाली भोक पडतं म्हणतात आजोबा. बुडाला लावायचे काही रंगही तांब्याचे असतात, शेवाळ धरू नये म्हणून. तेही पत्र्याच्या बोटीला वर्ज्य.

हे ऐकून माझं काय झालं असेल? मी मनाशी ठरवून बसले होते, नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा करायची, आत तांब्याचा गडू ठेवायचा, वर नारळ. म्हटलं, पितळेचा चालेल का? आजोबा म्हणाले, पितळेत काय असतं? आता स्टीलचा ठेवणार आहे. देव समजून घेईल. कोकणात नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरतात आणि इथे तेव्हा मोसमाचा उतार सुरू होतो, तेही घेईलच समजून.

शेवटी साधं प्लायवूड आणलं, पाऊण इंचाचे दोन तुकडे चिकटवून दीड इंच केलं, कुजक्या लाकडाचंच माप घेऊन कापलं आणि सगळीकडून इपॉक्सी पाजलं. बोल्टच्या भोकांच्या आतूनसुद्धा. पाणी तिथूनच शिरतं आणि लोक नेमकं तिथेच आळस करतात.

मग बाक उघडले. तीन आडवे बाक असतात, त्यांच्या पोटात फोम. ह्यांनी एक तुकडा उपटून हातात दाबला, तर गुलाबजामातून पाक गळावा तसं पाणी! तपकिरी, वास मारणारं, वर उंदराचं घरटं. एवढी वर्षं बोट हे पाणी पोटात घेऊन बसली होती. ह्यांना वाटलं, बरं झालं, कचरा गेला, बाकही काढून टाकू, मोकळी जागा होईल.

आणि इथून वाद सुरू झाला, वहिनी. ह्यांनी यूट्यूबवर बघून ठेवलेलं. मधला बाक उडवायचा, पुढे उंच फळ्यांचा चौथरा करायचा, त्यावर गोल फिरणारी खुर्ची, खाली मासे जिवंत ठेवायची टाकी, कडेने निळे दिवे आणि मागे चाळीस हॉर्सपॉवरची मोटार. मला तर चित्र काढून दाखवलं. दिसायला छान होतं, नाही म्हणत नाही.

आजोबांनी ह्यांना मागे नेलं आणि ट्रान्समवरची पाटी दाखवली. हीसुद्धा 1972पासूनची सक्ती. किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर. आमच्या पाटीवर पंचवीस. मग मधल्या बाकावर हात ठेवून म्हणाले, हा बसायला आहे असं वाटतं का तुला? हा दोन बाजूंना एकमेकींपासून धरून ठेवतो. काढलास तर लाटेवर आदळताना बाजू आत-बाहेर होतील आणि आपण ठोकलेलं एकेक रिव्हेट पुन्हा सैल होईल. आणि त्याच्या पोटातला फोम म्हणजे बोट पाण्याने भरली तरी बुडू नये याची सोय. वीस फुटांखालच्या मोटरबोटींना तटरक्षक दलाचा नियमच आहे तसा. आता राहिला चौथरा. त्यावर उभा राहिलास की तुझं वजन पाण्यापासून वर गेलं, बोट डुचमळणार.

हे गप्प. मग म्हणाले, निळे दिवे? आजोबा म्हणाले, दिवे लाव बाबा.

मी आजोबांच्या बाजूने आहे, उघड सांगते. मोडलेलं नीट करणं वेगळं आणि ज्याने आखणी केली त्याच्यापेक्षा आपण शहाणे समजणं वेगळं. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या मधल्या भिंती काढून हॉल मोठा करतात आणि मग वरचा मजला का करकरतो म्हणून विचारतात, तीच जात.

तर तडजोड अशी झाली. बाक तिन्ही राहिले. त्यांच्यामध्ये सपाट जमीन केली, पण खाली, बुडालगत. नवा फोम कापून घातला, घरबांधणीत वापरतात त्या गुलाबी पाट्यांचा. त्यातही एक मेख आहे. आजोबांनी त्याचा तुकडा पेट्रोलच्या डब्यात टाकून दाखवला. बघता बघता विरघळला हो, तळाशी चिकट लिबलिबीत काहीतरी उरलं. म्हणून मागच्या बाकाखाली, जिथे पेट्रोलची टाकी असते, तिथे दुसऱ्या जातीचा, पेट्रोलला दाद न देणारा. मासे दाखवणारं यंत्र बसवलं, पण त्याचा सेन्सर अडकवायला पत्र्याला भोक पाडलं नाही. प्लॅस्टिकची एक फळी मागे चिकटवली आणि सगळे स्क्रू तिच्यात. आणि विजेची उलटी तार पत्र्याला जोडायची नाही, बॅटरीलाच परत न्यायची. गाडीत चालतं तसं इथे नाही, पत्रा खाल्ला जातो. रंगाआधी घासायलाही लोखंडी ब्रश नको, त्याचे कण रुततात.

मोटार जुनीच, पंचवीसची, टू-स्ट्रोक. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल. आत पाणी खेचणारं रबरी चक्र असतं, ते कडक होऊन गेलेलं, नवीन घातलं. या मोटारींचीही एक गोष्ट आहे. ओल इव्हिनरूड म्हणून नॉर्वेहून आलेला माणूस, विस्कॉन्सिनात राहायचा. एकदा सहलीला त्याच्या होणाऱ्या बायकोला, बेसला, आइस्क्रीमची हुक्की आली. तो वल्ही मारत आणायला गेला आणि येईपर्यंत सगळं वितळलं. त्या रागाने त्याने बोटीला लावायची मोटार बनवली, 1909 साली मिलवॉकीत विकायला काढली, अशी गोष्ट सांगतात. आजोबा छाती फुगवून सांगतात, नॉर्वेचा माणूस म्हणून. मी विचारलं, आणि धंदा कुणी सांभाळला? तर बेसनेच! हिशोब, पत्रव्यवहार, जाहिराती, सगळं तिचं. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी मान खाली घालून पाना शोधला.

नातवाला न्यायचं म्हणतायत. दहा वर्षांखालच्या मुलांना लाइफ जॅकेट घालणं इथे कायद्यानेच बंधनकारक, आणि ह्यांनाही मी घालायला लावणार. आणखी एक, तळ्यावरून परतताना बूच काढून पाणी सांडून यायचं, बूच काढलेलंच ठेवून गाडी चालवायची. झेब्रा शिंपले म्हणून एक जात आलीय बाहेरून, या तळ्यातून त्या तळ्यात बोटीच्या पाण्याबरोबर जाते. मिनेटोंका तळ्यात 2010 मध्येच सापडली. बूच लावलेलं सापडलं तर दंड. मग पुढच्या वेळी पाण्यात उतरवताना बूच लावायला विसरतात, ती मजा वेगळी. गोदीवर उभं राहून बघायला माणसं येतात.

तुम्हालाही नेऊ एकदा फेरी मारायला, मेडिसिन लेकवर. पाटीवर चार माणसं आहेत, आपल्या दोघींचे दोघे घरी ठेवले तर सामानाला जागा होईल.

आणि हो, ज्यासाठी हाक मारली ते राहिलंच. उद्या सकाळी नऊला कचऱ्याच्या मोठ्या पिंपात पाणी भरून त्यात मोटार चालू करून बघणार आहेत, ड्राइव्हवेवर. तेलाचा निळा धूर होतो भरपूर आणि वारा तुमच्या बाजूचा आहे. डेकवरच्या कुरडया आज रात्रीच आत घ्या.