चढावर बोट

हिशेबी : इंग्लंडात जाऊन बोट भाड्यानं घेणार, आणि तीही कालव्यात! वेगाची मर्यादा ताशी 4 मैल. एवढ्या वेगात तर आपल्याकडे वरातही नवरदेवाला मांडवात पोचवते. त्यात डेव्हायझेसजवळची केन हिल. 2 मैलांत 29 लॉक, त्याला पाच-सहा तास. तेवढंच अंतर पायी पाऊण तासाचं. आणि लॉक म्हणजे कुलूपच ना? पैसे मोजून स्वतःला 29 वेळा कुलपात घालून घ्यायचं!

हौशी : कुलूपच, पण त्याला किल्ली नाही, हँडल आहे. अहो, तिथं टेकडी 237 फूट चढायची असते. तेवढ्या चढाला घाटात ट्रकसुद्धा धापा टाकतो. इथं बोटीचं इंजिन नुसतं गुरगुरत उभं असतं. बोट लॉकच्या हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, हँडल फिरवून वरच्या बाजूच्या झडपा उघडायच्या. पाणी खाली येतं आणि बोट वर जाते. दरवाज्यांच्या दोन फळ्या वरच्या पाण्याकडे टोक करून भिडतात, म्हणून पाण्याचाच दाब त्यांना घट्ट मिटतो. दोन्हीकडची पातळी एक होईपर्यंत दहा पैलवान लावा, हलणार नाहीत. एक झाली, की आडव्या तुळईला पाठ लावून ढकलायचं, की झालं. 1810 पासून रचना हीच आहे. तुम्ही ज्याला उशीर म्हणता तीच सहल आहे, मधलं सपाट पाणी नुसता प्रवास.

हिशेबी : गुरुत्वाकर्षणाचं फुकट काम, असंच ना? मग पायथ्याला 1996 साली पंप कशाला बसवला? दिवसाला 3 कोटी 20 लाख लिटर पाणी परत वर चढवायची त्याची ताकद आहे. तुमची बोट फुकट चढते आणि पाणी विजेवर चढतं! एका हौदाचं पाणी धरा सुमारे 2 लाख लिटर. म्हणजे आपले वीस टँकर. एका कुटुंबाच्या हौसेपायी, प्रत्येक पायरीला.

हौशी : हे मात्र मान्य. वीस टँकर ऐकून मराठवाड्यातला माणूस बोटीतून उतरेल. पण बिल बोटीच्या वजनावर येत नाही, हौद किती वेळा भरला त्यावर येतं. या कालव्याचे हौद रुंद आहेत, दोन अरुंद बोटी शेजारी शेजारी मावतात. म्हणून तिथली रीत अशी, की मागून बोट येताना दिसली तर थांबायचं आणि दोघांनी एकदम चढायचं. पाणी निम्मं, ढकलायला माणसं दुप्पट. घाई करणारा तिथं पाण्याची उधळपट्टी करतो आणि दरवाजेही एकटाच ढकलतो. रस्त्यावर मागच्याला वाट न देणं म्हणजे हुशारी. इथं त्याची वाट पाहणं म्हणजे काटकसर. तुमच्या वहीत हे कुठल्या रकान्यात बसतं, ते तुम्ही बघा.

हिशेबी : बचतीच्या. पण बोटीत मी बसणार नाही. मी काठाकाठानं चालत येतो.

हौशी : काठावर माणूस लागतोच. हे घ्या हँडल.