खोड पाहून कादंबरी

विद्यार्थ्याला ‘तुला काय वाचायला आवडतं?’ असे कधीही विचारू नये. या प्रश्नाला तो हमखास खोटे उत्तर देतो. त्याचा तसा हेतू नसतो. पण समोर मास्तर बसलेले, इंटर्नलचे गुण त्यांच्या हातात, अशा वेळी कोणताही शहाणा मुलगा ‘सर, सामाजिक वास्तव’ असेच म्हणणार. मग त्याच्या हाती डिकन्सची ‘हार्ड टाइम्स’ पडते आणि ते सत्र दोघांनाही तसेच जाते.

म्हणून ब्रिटिश कादंबरी नेमून देण्याच्या शास्त्रातला पहिला, आणि खरे म्हणजे एकुलता एक, नियम असा: आवड विचारू नये, खोड पाहावी. आवड माणूस पाहुण्यांसाठी राखून ठेवतो. खोड रोजच्या वापरातली असते. १७१९ मध्ये ‘रॉबिन्सन क्रूसो’ आल्यापासून ब्रिटिश कादंबरीकारांनी माणसांच्या खोडी जमवण्यापलीकडे फारसे काही केलेले नाही. माल तयार आहे, गिऱ्हाईक तेवढे ओळखायचे. त्यासाठी वर्ग निरुपयोगी. एक आठवडा कँटीनमध्ये कोपऱ्यातले टेबल धरून बसावे, चहा स्वतःच्या पैशाने घ्यावा आणि कान उघडे ठेवावेत.

कोणाचे कुठे जमले, मुलाला पॅकेज किती, पुण्यातला फ्लॅट स्वतःचा की भाड्याचा, या बातम्या जिच्याकडे घरच्यांच्या आधी पोचतात (मुलगेही या कामात मागे नसतात, फक्त कबूल करत नाहीत) तिला जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) द्यावी. देताना ‘ही अजरामर प्रेमकथा आहे’ असे चुकूनही म्हणू नये, ती पुस्तक तिथेच ठेवून जाईल. हिशेब सांगावा. बिंग्लीचे वर्षाचे उत्पन्न चार-पाच हजार पौंड. डार्सीचे दहा हजार. मिस्टर बेनेट यांचे दोन हजार, पदरात पाच मुली, मुलगा नाही, आणि इस्टेट अशी बांधून ठेवलेली की त्यांच्यामागे ती दूरच्या नात्यातल्या मिस्टर कॉलिन्सला जाणार. हा कॉलिन्स एका मुलीला मागणी घालतो, नकार मिळतो, आणि दोन-तीन दिवसांत तिच्याच मैत्रिणीशी लग्न ठरवून मोकळा होतो. एवढे ऐकल्यावर मुलगी खुर्ची पुढे ओढून विचारते, ‘आणि ती हो म्हणाली?’ काम झाले. तिला नंतर कधीतरी हेही सांगावे की या कादंबरीचे सगळे हक्क बाईंनी ११० पौंडांना विकले आणि पुस्तकावर त्यांचे नावही छापलेले नव्हते. ११० पौंड म्हणजे डार्सीची चार दिवसांची मिळकत.

एक पथ्य. उत्तरपत्रिकेत ‘डार्सी ओल्या शर्टाने तळ्यातून येतो तो हृद्य प्रसंग’ असे वाक्य आढळले, तर विद्यार्थिनीने १९९५ ची बीबीसीची मालिका मन लावून पाहिली आहे एवढेच सिद्ध होते. ऑस्टेनचा डार्सी कादंबरीभर कोरडा असतो.

‘सर, पानं किती आहेत?’ ही खोड नव्हे, साथ आहे. ऑर्वेलची ‘ॲनिमल फार्म’ देऊन ती तात्पुरती दबते. मुळातून जात नाही. त्यापेक्षा याच गर्दीतला असा एक विद्यार्थी हुडकावा, ज्याच्या घरचा जमिनीचा दावा आजोबांपासून चालू आहे. त्याला डिकन्सची ‘ब्लीक हाऊस’ बेधडक द्यावी, ती कितीही जाड असो. तिच्यातला जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा वारसाहक्काचा खटला इतका जुना की तो नेमका कशाबद्दल आहे हे कोणालाच कळेनासे झालेले, आणि शेवटी निकालाची वेळ येते तेव्हा सगळी मिळकत कोर्टखर्चातच संपल्याचे उघड होते. ज्याला तारखांची सवय आहे त्याला पानांचे भय नसते. बाकीच्यांना एवढेच सांगावे की ही कादंबरी मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ अशी एकोणीस महिने, महिन्याला एक शिलिंग मोजून, हप्त्याहप्त्याने लोकांनी वाचली. ती परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायची असते हा शोध आपल्याकडचा.

‘सध्या एमपीएससी करतोय’ असे सांगणाऱ्याच्या खोलीत भिंतीवर वेळापत्रक असते. त्याला अँथनी ट्रोलप जवळचा वाटेल. ट्रोलप पोस्टखात्यात होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, घड्याळ समोर ठेवायचे आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहून काढायचे, हा त्याचा नेम. त्यातून सत्तेचाळीस कादंबऱ्या झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर आत्मचरित्र आले आणि हे गुपित फुटले, तेव्हा रसिक मंडळी त्याच्यावरच रुसली. प्रतिभा पहाटेचा गजर लावून उठते हे त्यांना सोसले नाही. त्याची ‘बार्चेस्टर टॉवर्स’ (१८५७) उघडते ती एका बिशपच्या मरणशय्येपाशी. जागा रिकामी होणार आहे. मुलाला ती हवी आहे. पण सरकार पडण्याच्या बेतात आहे, आणि वडिलांनी त्याआधी डोळे मिटले तरच नेमणूक पदरात पडणार. मुलगा चांगला आहे, वडिलांवर त्याचे प्रेम आहे, आणि तरी तो मनात दिवस मोजतो. नेमणूक, बदली आणि बढती यांवर इतके निर्दय आणि इतके मायाळू कोणी लिहिलेले नाही. मुलाखतीच्या तयारीला अशी दुसरी शिदोरी नाही.

आता थोडे सविस्तर, कारण हे प्रकरण नाजूक आहे. होस्टेलवर एक मुलगा असतो. विज्ञान शाखेचा, हुशार, डोळ्यांखाली काळे, घरून आलेला फोन न उचलणारा. तो इंग्रजीचा ऐच्छिक पेपर नाइलाजाने घेतो आणि सायन्स फिक्शन मागतो. त्याला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) द्यावी. सिनेमांच्या कृपेने त्याची समजूत असते की फ्रँकेन्स्टाइन म्हणजे तो मानेत खिळे ठोकलेला राक्षस. त्याला वाचू द्यावे. राक्षसाला कादंबरीत नावच नाही. फ्रँकेन्स्टाइन हे इंगोलश्टाटच्या विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचे आडनाव. तो खोलीत कोंडून घेतो, घरच्या पत्रांना उत्तरे देत नाही, दोन वर्षे प्रोजेक्टवर घालवतो, आणि प्रोजेक्ट डोळे उघडून हलू लागल्याबरोबर घाबरून झोपायच्या खोलीत पळतो. इथे आपला विद्यार्थी जरा सावरून बसतो. पुढे तो निराधार राक्षस रानोमाळ हिंडतो, भिंतीच्या फटीतून ऐकून भाषा शिकतो, आणि एका टाकून दिलेल्या पेटीत त्याला तीन पुस्तके सापडतात: मिल्टनचे ‘पॅराडाइज लॉस्ट’, प्लुटार्कच्या चरित्रांचा एक खंड आणि गटेची ‘वेर्थर’. तिन्ही तो वाचून काढतो. नोट्स नाहीत, गाईड नाही, हजेरीची सक्ती नाही. ब्रिटिश कादंबरीतला सर्वांत मनापासून वाचणारा विद्यार्थी बहुधा हाच, आणि त्याला कोणी प्रवेश दिला नाही. लेखिकेने हे लिहायला घेतले तेव्हा ती स्वतः अठरा वर्षांची होती, हे मात्र शेवटी सांगावे. आधी सांगितले तर पोरगा खचतो.

प्रेमभंग झालेल्याला ‘वदरिंग हाइट्स’ देऊ नये. तो हीथक्लिफला आदर्श मानू लागतो, आणि हीथक्लिफ प्रेयसीची कबर उकरतो.

काहींना प्रत्येकाचे मूळ गाव काढण्याची खोड असते. ‘पण सर, हा लेखक खरा ब्रिटिश आहे का?’ त्यांना एक पुस्तक न देता अख्खे कपाट द्यावे आणि गुंतवून ठेवावे. थॅकरे जन्मला कलकत्त्यात, ऑर्वेल बिहारात मोतिहारीला, किपलिंग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात. कॉनराड पोलिश; इंग्रजी शिकला तोवर विशी उलटली होती. इशिगुरोचा जन्म नागासाकीचा, आणि इंग्लंडातल्या बटलरचे मन त्याच्याइतके कोणाला कळले नाही. ‘ड्रॅक्युला’वाला ब्रॅम स्टोकर डब्लिनचा. फॉर्स्टर लंडनचाच निघतो. पण तो १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांकडे खासगी सचिव होता, आणि मराठी दरबाराचे मीठ खाऊन परतल्यावरच त्याच्या हातून अर्धी पडलेली ‘अ पॅसेज टु इंडिया’ पुरी झाली. हा विद्यार्थी पुढे काही वाचत नाही, पण वर्गाला त्रासही देत नाही.

पीएच.डी. करणाऱ्याला जॉर्ज इलियटची ‘मिडलमार्च’ द्यावी असे अनेक जण सुचवतील. तिच्यात कॅसॉबन नावाचे एक गृहस्थ सर्व पुराणकथांची एकच किल्ली शोधत आयुष्यभर टिपणे काढत असतात. त्यांना जर्मन येत नाही, आणि जर्मन पंडितांनी ती वाट केव्हाच तुडवलेली असते. ग्रंथ होत नाही, टिपणे उरतात, आणि ती पुरी करण्याची जबाबदारी ते बायकोवर टाकू पाहतात. माझे मत असे की ही कादंबरी संशोधकाला देऊन उपयोग नाही, तो तिच्यावरही टिपणे काढेल. ती त्याच्याशी लग्न ठरलेल्या मुलीला द्यावी, आणि साखरपुड्याच्या आधी द्यावी.

उरतो तो कोणतेही पुस्तक पुरे न करणारा. त्याला डिकन्सची ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ द्यावी आणि निश्चिंत व्हावे. बारा भाग ठरले होते. सहा लिहून झाले आणि ९ जून १८७० रोजी डिकन्स वारला. एडविनचा खून कोणी केला, मुळात खून झाला का, हे कादंबरीत कुठेच उघड होत नाही. ही एकच कादंबरी अशी की अर्धवट वाचणारा आणि मन लावून वाचणारा दोघेही एकाच ठिकाणी येऊन थांबतात. या कादंबरीवर ‘शेवटाचे औचित्य स्पष्ट करा’ असा प्रश्न मात्र कोणी काढू नये; आणि निघालाच, तर विद्यार्थ्यांनो, सगळ्यांनी मिळून पूर्ण गुण मागावेत.