मास्तरांच्या टोपल्या

कॉलेजात मी खो-खो, कबड्डी आणि व्हॉलीबॉल अशा तिन्ही संघांत होतो. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या,’ असं आमचे आप्पा म्हणत. पुढे मी शिक्षक झालो, तेव्हा त्यांनी चौथी चिंधी मोजली. मग मी बास्केटबॉलच्या जेम्स नायस्मिथला साक्षीला बोलावतो.

हा कॅनडाचा गडी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात रग्बी, फुटबॉल, लॅक्रॉस, जिम्नॅस्टिक्स, जे समोर येईल ते खेळला. वर धर्मशास्त्रही शिकला. भावी पाद्री सामन्यात काळेनिळे झालेले डोळे घेऊन प्रवचनाला उभा! खेळ म्हणजे सैतानाचा उद्योग, असं मानणाऱ्या सहाध्यायांनी त्याच्यासाठी प्रार्थना केल्या म्हणे. आप्पांनी निदान सत्यनारायण तरी घातला नाही.

1891च्या हिवाळ्यात तो अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत मास्तर होता. बाहेर बर्फ, आत कवायतीला विटलेला वर्ग, आधीच्या मास्तरांनी हात टेकलेले. साहेबांचं फर्मान आलं: 14 दिवसांत नवा खेळ काढा. (साहेबांना नवं काही हवं असलं की ते पंधरवड्यातच हवं असतं.) मास्तरांनी शिपायाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीचच्या टोपल्या होत्या. शाळेत शिपायाकडे असेल तेच मिळतं, हे तेव्हाही खरं होतं! गॅलरीचा कठडा 10 फुटांवर, म्हणून टोपल्याही तिथेच ठोकल्या. बास्केट आजही त्याच उंचीवर आहे. आम्हा साडेपाच फुटी लोकांचा विचार त्या गॅलरीच्या सुतारानं केलाच नाही.

मास्तरांनी 13 नियम लिहिले, 18 पोरं नऊ-नऊ अशी वाटली आणि सोडला फुटबॉल मध्ये. पोरांनी आधी एकमेकांना बदडलं, मग एकदाचा एक गोल झाला. टोपलीला बूड असल्यानं चेंडू वर चढून काढावा लागला.

1936मध्ये हा खेळ बर्लिन ऑलिंपिकला पोहोचला. अंतिम सामना भर पावसात, मातीच्या टेनिस कोर्टवर झाला. चिखलात चेंडू उसळेना, अमेरिकेनं कॅनडाला 19-8 असं हरवलं आणि पदकं द्यायला खुद्द मास्तर होते. त्याच उन्हाळ्यात, त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी कबड्डी दाखवत होती. हे ऐकून आप्पा एक चिंधी माफ करतात.

मधल्या काळात मास्तर कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे पहिले प्रशिक्षक झाले होते. तिथे ते 55 सामने जिंकले आणि 60 हरले. त्या विद्यापीठाच्या इतिहासात जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेला प्रशिक्षक एकच, आणि खेळ त्यानेच काढलेला.