स्लो लोकलमधला न्यायाधीश

अंधेरीला तो शेजारी येऊन टेकला की आम्ही मनातल्या मनात पुढची स्टेशनं मोजू लागतो. चौथ्या सीटवर अर्धा आत, अर्धा बाहेर. मांडीवर सॅक, सॅकमध्ये एकेका पाकिटात जपून घातलेले पत्ते. रमीचे नव्हेत, ‘मॅजिक : द गॅदरिंग’चे. रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाचा हा खेळ 1993 साली बाजारात आला. आज त्याच्या नियमांची पानं दोनशेच्या वर आहेत. गणितवाल्याच्या हाती पत्ते दिले की दुसरं काय होणार!

आमचा हा गृहस्थ खेळतो कमी, निवाडे देतो जास्त. गणपतीच्या जागरणात मेंढीकोट रंगात आला की विचारतो, “हे लिहिलंय कुठे?” आजोबा म्हणतात, “अरे, आपल्याकडे असंच खेळतात.” तेव्हा त्याचा चेहरा एकादशीला चिकन वाढल्यासारखा होतो.

त्याचा लाडका खटला ह्युमिलिटी विरुद्ध ओपलेसन्स. ह्युमिलिटी ही या खेळातल्या एका पत्त्यावरची जादू. ती सगळ्या प्राण्यांचे गुण काढून घेते. ओपलेसन्स इतर जादूंनाच प्राणी करून टाकते. म्हणजे ह्युमिलिटीही प्राणी, तिचेही गुण गेले. “मग बाकीच्यांचे काढले कोणी?” असं विचारून तो थांबतो. चुकूनही “कोणी?” म्हणू नये.

उत्तर नियमांच्या सात थरांत दडलेलं असतं, आणि स्लो गाडीला अंधेरी धरून बोरिवलीपर्यंत स्टेशनंही नेमकी सातच! चौथा थर गोरेगाव : ह्युमिलिटी प्राणी झाली. सहावा कांदिवली : सगळ्यांचे गुण गेले, तिचेही. पण एकदा लागू झालेला परिणाम मधेच उतरत नाही. पास कांदिवलीला फाटला तरी प्रवास बोरिवलीपर्यंत. “टीसीला सांगून बघ हे,” असं एकदा कुणीतरी म्हणालं. टीसीला थर नसतात, म्हणे.

मूळ नियमापेक्षा कार्ड मोठं आणि ‘शकतो’पेक्षा ‘शकत नाही’ मोठं, ही त्याची दोन वेदवाक्यं. एकदा घाईत तो विरार फास्टमध्ये चढला. ती बोरिवलीला थांबते, हा नियम. दारातली मंडळी म्हणाली, “इथे उतरू शकत नाही.” विरारहून उलटा येऊन रात्री साडेदहाला तो सोसायटीच्या गेटवर भेटला.

म्हणाला, “निकाल बरोबर होता.”